पितळी फ्यूज भट्टीत जाण्याआधी: मुंबईचे पोलीस आयुक्त आणि राज्याचे पुरातत्त्व संचालक यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय: जुन्या तोफगोळ्यांचे फ्यूज व ऐतिहासिक दारूकामाच्या वस्तू यांची तपासणी, नोंद आणि जतन यासाठी कार्यपद्धती ठरवून मिळण्याबाबत

महोदय,

मुंबईत जुन्या तोफगोळ्यांचे पितळी फ्यूज, म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणारे टोकावरचे भाग, अजूनही सापडतात. कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत, कुणाच्या आजोबांच्या फडताळात, दारूखाना या भंगारबाजारातल्या ढिगात, चोरबाजारात मटण स्ट्रीटवर होकायंत्रांच्या आणि जहाजी कंदिलांच्या गर्दीत. ज्याच्या हाती असा फ्यूज लागतो त्याच्यापुढे आज दोनच वाटा आहेत. एक तर तो पितळेच्या भावाने किलोवर विकून मोकळं व्हायचं, नाही तर कुणाला कळू न देता होता तिथे परत ठेवायचा. पहिल्या वाटेने इतिहास भट्टीत जातो. दुसऱ्या वाटेने, आत दारू शिल्लक असेल तर, भरल्या चाळीत धोका तसाच मुक्कामाला राहतो. पोलिसांना बोलवावं, "हे काय आहे ते बघा, धोक्याचं असेल तर घेऊन जा, नसेल तर तसं लिहून द्या" असं निर्धास्त सांगावं, अशी तिसरी वाट सामान्य माणसाला माहीत नाही, कारण ती कुणी आखूनच दिलेली नाही. ती आखून द्यावी, यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं आणि साचे घडवणाऱ्या विभागात, काम केलं. या वस्तूंकडे मी ओढला गेलो तो त्यांच्या कारागिरीमुळे. तोफेचा गोळा म्हणजे पोकळ लोखंड आणि आत दारू. तो कधी फुटायचा हे ठरवतो तो त्याच्या टोकाला बसवलेला फ्यूज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे फ्यूज बहुतेक लाकडी असत. बीच लाकडाची कातलेली निमुळती नळी आणि तिच्यात ठासलेली दारू. जितक्या वेळाने गोळा फुटायला हवा त्या हिशेबाने गोलंदाज ती नळी कापत किंवा तिला भोक पाडत. हेन्री श्रॅपनेल या ब्रिटिश अधिकाऱ्याचा, बंदुकीच्या गोळ्यांनी भरलेला तोफगोळा १८०३ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारला, पण त्याची सगळी करामत या लाकडी नळीवर अवलंबून होती. नळी लवकर जळली तर गोळा आपल्याच माणसांच्या डोक्यावर फुटे, उशिरा जळली तर जमिनीत रुतून बसे. वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीत एडवर्ड बॉक्सर यांनी १८५० च्या आसपास या लाकडी फ्यूजमध्ये मोठी सुधारणा केली. त्यानंतर धातूचे फ्यूज आले, आणि तिथून पुढे ही वस्तू घड्याळजीच्या तोडीच्या कामाची झाली.

पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश '८० नंबर'चा फ्यूज हातात घेतला, अर्थात आतून पूर्ण रिकामा असलेला, तर मी काय म्हणतो ते कळेल. त्याला दोन कडी असतात. वरचं पक्कं, खालचं फिरणारं. दोन्हींच्या पोटात गोलाकार खाच कोरलेली असते. बारीक दारू दाबून बसवायची ती जागा. खालच्या कड्यावर ० ते २२ आकडे. गोलंदाजाने किल्लीने कडं फिरवलं की आतल्या ठिणगीचा रस्ता लांब किंवा आखूड होई, आणि गोळा तितक्याच उशिराने हवेत फुटे. कड्याची फिरती बसण इतकी नेमकी असते की तेल नसलं तरी खडखड करत नाही. हे काम लाखोंच्या संख्येने झालं, आणि त्यातलं पुष्कळसं अशा बायकांनी केलं ज्यांनी युद्धाआधी कधी लेथ पाहिलाही नव्हता. माझ्यासारख्याला तिथे हात जोडावेसे वाटतात.

आणि मग त्यावरचे ठसे. ठसे वाचता आले की फ्यूज बोलायला लागतो. सरकारी मालमत्तेची बाणाची खूण, फ्यूजचा नंबर, सुधारणेचा क्रमांक रोमन आकड्यात, कारखान्याची आद्याक्षरं, महिना आणि वर्ष. डागला गेलेला फ्यूज असेल तर त्याचं कडं बऱ्याचदा दबून एका आकड्यावर कायमचं अडकलेलं असतं. तो आकडा शंभर वर्षांपूर्वी कुणा गोलंदाजाने, कुणाच्या तरी हुकमावरून, गडबडीत लावलेला असतो. असा पुरावा कुठल्याही दफ्तरात मिळायचा नाही. पण भंगाराच्या टोपलीत तो इतर पितळाबरोबर पडलेला असतो: नळाच्या तोट्या, समईचा मोडका खांब, जुन्या पंख्याच्या जाळीचे तुकडे. संध्याकाळी टेम्पो येतो आणि सगळं एकत्र वितळायला जातं.

या ८० नंबरची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. ही रचना मुळात जर्मनीच्या क्रुप कंपनीची. ब्रिटनच्या विकर्सने १९०२ मध्ये तिचा परवाना घेतला आणि दर फ्यूजमागे १ शिलिंग ३ पेन्स द्यायचं ठरलं. १९१४ मध्ये हेच दोन देश एकमेकांवर तुटून पडले. चार वर्षं जर्मन सैनिकांच्या डोक्यावर फुटणारे ब्रिटिश गोळे जर्मन रचनेच्या फ्यूजने फुटत होते. युद्ध संपल्यावर क्रुपने विकर्सकडे थकलेल्या पैशांची मागणी केली, आणि वर्षानुवर्षांच्या वादानंतर काही रकमेवर तडजोड झाली. युद्धाच्या धंद्याबद्दल शाळेतल्या मुलाला चार धडे वाचायला देण्यापेक्षा हा एक फ्यूज हातात द्यावा आणि ही गोष्ट सांगावी.

"हा सगळा परदेशी इतिहास झाला, आपला काय संबंध?" असं मला पुष्कळ जण विचारतात. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेला मुंबई हेच मुख्य बंदर होतं. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन इथूनच समुद्रापार गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची पोरं होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या कूत गावी त्या डिव्हिजनला तुर्कांपुढे शरणागती पत्करावी लागली. पुढे कैदेत शेकडो मैल चालताना किती जण वाटेत गेले ते त्यांच्या गावांना कधी धड कळलंच नाही. वाचून परत आलेल्यांनी खिशात, पिशवीत जे काही आणलं त्यात पितळेचे हे तुकडे होते. ज्या इमारतीत आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, ती इमारत त्या युद्धात लष्करी रुग्णालय होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. त्या कारखान्यातून पिढ्यान् पिढ्या मराठी हात राबले. हा इतिहास आपल्या घरातला आहे, फक्त त्याच्यावर आपलं नाव कोरलेलं नाही.

मराठी माणसाला लढाईतली वस्तू जपणं नवीन नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या लोकांनी वितळवल्या नाहीत. त्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आजही लोक बघायला जातात, तिच्यावर १७२१ साल कोरलेलं दिसतं. तेव्हा पितळेला, पंचधातूला भाव नव्हता असं थोडंच आहे? तोफा ओतायला धातू कमी पडत असतानाच्या काळातली ही गोष्ट आहे.

मुंबईपुरतं बोलायचं तर १४ एप्रिल १९४४ टाळून पुढे जाताच येत नाही. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, त्याच्या जोडीला कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या लगडी. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. ६६ अग्निशामक जवान गेले. गोदीतले कामगार, आजूबाजूच्या वस्तीतली माणसं किती गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे दिले जातात. ढिगारे उपसायला महिने लागले. देशभर दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यामुळे. माझे आजोबा तेव्हा गोदीत कामाला होते. लगडी सापडल्याच्या कथा अख्ख्या मुंबईला पाठ आहेत, कारण सोनं म्हटलं की लोक कान टवकारतात. पण त्या दिवशी आकाशातून सोन्याबरोबर लोखंड आणि पितळही पडलं. त्याचं पुढे काय झालं, कुणी काय उचललं, कोणत्या घरात काय राहिलं, याची नोंद कुणी ठेवली नाही. ती आता तरी ठेवायला हवी, कारण ज्यांनी उचललं ती पिढी संपली आणि घरं आता पुनर्विकासात रिकामी होत आहेत. माझगाव, डोंगरी, चिंचबंदर, शिवडीतल्या जुन्या इमारती पाडायच्या आधी माळे रिकामे होतात. त्या दिवशी घरात असतो तो नातू किंवा पणतू. त्याला ती वस्तू काय आहे हे माहीत नसतं आणि खाली भंगारवाला हातगाडी लावून उभा असतो.

आता कायद्याचं बोलतो. आयुक्तसाहेब, मुंबईत शस्त्र परवान्याचे अधिकार आपल्याकडे आहेत, म्हणून हे पत्र आधी आपल्याला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातली दारूगोळ्याची व्याख्या फार रुंद आहे. तिच्यात फ्यूज नाव घेऊन आले आहेत. स्फोटक असलेली वस्तू तर येतेच, पण स्फोटक भरण्यासाठी घडवलेली वस्तूही येते. म्हणजे आत काही नसलं, आरपार उजेड दिसत असला, तरी तो फ्यूज व्याख्येप्रमाणे दारूगोळा ठरू शकतो. त्याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण तिच्यात जुन्या काळच्या शस्त्रांचा उल्लेख आहे तो बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रांपुरता. दारूगोळ्याच्या 'किरकोळ भागां'नाही तिथे सूट आहे, जर ते पूरक भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल तर. रिकामा फ्यूज हा किरकोळ भाग का? माझ्या मते हो. पण ठाण्यातल्या हवालदाराने हे रात्री दहा वाजता कसं ठरवावं? त्याच्यावर जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे. तो बिचारा सुरक्षित बाजू घेणार आणि गुन्हा नोंदवणार.

उलट बाजूने बघा. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते. १९१७ चा फ्यूज ती रेषा ओलांडून गेला आहे. म्हणजे टेबलावरची एकच वस्तू एका कायद्याने जपायची आहे आणि दुसऱ्या कायद्याने बाळगायची नाही. संचालक महोदय, या दोन कायद्यांना एका खोलीत बसवण्याचं काम आपल्या दोन कार्यालयांशिवाय कुणी करू शकत नाही.

एक घडलेली गोष्ट सांगतो. कुठल्या ठाण्याची ते सांगत नाही, कारण तक्रार माणसांबद्दल नाही. माझ्या परिचयातल्या एका वृद्ध बाईंना यजमानांच्या ट्रंकेत असा एक फ्यूज मिळाला. आतून मोकळा, तळाकडून पाहिलं तर टोकाच्या भोकातून उजेड दिसे. मुलाने विचार केला, सरळ मार्गाने जाऊ, आणि तो घेऊन ठाण्यात गेला. रात्रीपर्यंत त्याला बसवून ठेवलं. कुठून आणला, कुणी दिला, अजून काय आहे, वडील कुठे कामाला होते. दुसऱ्या दिवशी घरी माणसं आली, शेजाऱ्यांकडे चौकशी झाली, मजल्यावर कुजबूज सुरू झाली. फ्यूज वाळूच्या बादलीतून गेला तो गेला. त्याचा पंचनामा झाला का, फोटो काढला का, ठसे कुणी वाचले का, काही कळलं नाही; कागद म्हणून त्या घरात काही आलं नाही. त्या मजल्यावरच्या प्रत्येक माणसाने त्यातून धडा घेतला: पुन्हा असं काही मिळालं तर खाडीत टाकायचं. असा धडा शंभर घरांनी घेतला तर काय होईल याचा विचार व्हावा.

ज्या पोलिसांनी तो फ्यूज वाळूत घातला त्यांची भीती मात्र खोटी नव्हती, आणि हे मी संग्राहकांच्या बाजूने लिहीत असलो तरी ठणकावून सांगतो. जुनं म्हणजे निर्धोक, हा समज जीवघेणा आहे. काळी दारू कोरडी राहिली तर शतकानंतरही पेटते. पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या पुष्कळ गोळ्यांत पिक्रिक आम्ल हे स्फोटक असे. ते वर्षानुवर्षं धातूला लागून राहिलं की त्यापासून असे क्षार बनतात जे नुसत्या घासण्यानेही बिथरू शकतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एक अनुभवी संग्राहक यादवी युद्धातल्या गोळ्यावर काम करताना मेला; तो गोळा जवळपास दीडशे वर्षं जुना होता. २०१४ मध्ये बेल्जियमच्या ईप्रजवळ बांधकामावरचे दोन मजूर पहिल्या महायुद्धातल्या गोळ्याने गेले. आपल्याकडे नगरच्या के. के. रेंजच्या आसपास भंगारासाठी गोळे गोळा करताना गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात सहा माणसं गेली. पोट भरण्यासाठी पितळ-लोखंड वेचणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? त्याला कुणी ओळखायला शिकवलंच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आत दारू असल्याची नुसती शंका असली तरी ती वस्तू कितीही दुर्मीळ असो, नष्ट झाली पाहिजे, आणि तिच्यासाठी कुणी रडू नये. पण नष्ट करण्याआधी तिचे फोटो निघावेत, सुरक्षित अंतरावरून दिसतील तेवढे ठसे टिपून घ्यावेत. यासाठी वेगळा खर्च लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचंच आहे. कॅमेरा आधीच तिथे आहे. तो दोन मिनिटं फ्यूजच्या कड्यावर स्थिर धरावा, एवढीच विनंती.

दारूकामाच्या जुन्या वस्तूंचंही असंच. रेल्वेचे धुक्यातले डिटोनेटर घ्या. ही कल्पना १८४१ मध्ये एडवर्ड कूपर या इंग्रज अभियंत्याची. पत्र्याची चपटी डबी, दोन बाजूंना शिशाच्या पट्ट्या, रुळाच्या डोक्याला पट्ट्या वाकवून बसवायची; इंजिनाचं चाक गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं की पुढे धोका आहे. किती जुन्या रेल्वे कुटुंबांच्या अवजारपेटीत अशा डब्या पडून असतील. जहाजांवरचे इशाऱ्याचे बाण, इशाऱ्याचा उजेड उडवणाऱ्या वेरी पिस्तुलाची काडतुसं, ससून डॉकच्या आणि वर्सोव्याच्या बोटींवरचे मुदत संपलेले लाल फ्लेअर. कोळी बांधवांना मुदत संपलेला फ्लेअर कुठे द्यायचा हेच माहीत नाही, म्हणून तो बोटीच्या कोपऱ्यात डिझेलशेजारी पडून राहतो. या वस्तूंचं मोल त्यांच्या डब्यांत, लेबलांत, छापलेल्या सूचनांत आहे. आतल्या मसाल्यात नाही. मसाला जाऊ द्यावा, डबा राहू द्यावा.

हे होऊ शकतं याचं उदाहरण शेजारीच आहे. २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात एका पडक्या विहिरीच्या चिखलाला दारूचा वास येतो असं लक्षात आलं. खणल्यावर टिपू सुलतानाच्या काळातले हजाराहून जास्त गंजलेले बाण, म्हणजे दारू भरलेले अग्निबाण (रॉकेट), निघाले. कर्नाटकाच्या पुरातत्त्व खात्याने ते उपसले, मोजले आणि शिवमोग्ग्याच्या संग्रहालयासाठी घेतले. कुणी ते लोखंडाच्या भावाने विकले नाहीत. मराठ्यांच्या फौजेतही बाणांचे कारखाने होते, होक्यांचा, म्हणजे हातगोळ्यांचा, वापर होता. ते आपण किती जपले आहेत, हे संचालनालयाने स्वतःला विचारावं.

मग करायचं काय? आयुक्तसाहेब, आपण एक स्थायी आदेश काढावा. नागरिकाला सांगावं की वस्तू हलवू नका, साफ करू नका, उघडू नका, घेऊन येऊ नका. ११२ वर फोन करा, पथक येईल. आणि जो स्वतःहून कळवतो त्याची चौकशी साक्षीदार म्हणून होईल, आरोपी म्हणून नाही. बॉम्बशोधक व नाशक पथकाकडे क्ष-किरण यंत्रणा आहे, अनुभव आहे. पथकाने बघून ठरवावं. धोका असेल तर वस्तू तिथून जाईल, बदल्यात घरमालकाला पोच मिळेल. वस्तू रिकामी असेल तर तसा दाखला द्यावा, तिच्यावर पुन्हा ओळखता येईल अशी कायमची खूण करावी, आणि दाखल्याची एक प्रत पुरातत्त्व संचालनालयाकडे जावी. तिथे फ्यूजचा नंबर, ठसे, मोजमाप आणि कोणत्या घरातून आला एवढं एका वहीत उतरावं. नंतर तो घरात राहो किंवा संग्रहालयात जावो.

दाखल्याची कल्पना सरकारला अनोळखी नाही. २००४ मध्ये साहिबाबादच्या कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातले गोळे फुटून दहा कामगार गेले. त्यानंतर आयात भंगाराला जहाजावर चढण्याआधीच तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. कंटेनरच्या कंटेनर भंगार दाखल्यावर देशात येऊ शकतं, तर अर्ध्या-पाऊण किलोच्या रिकाम्या पितळाला दाखला मिळायला हरकत काय? कायद्यात कायमची दुरुस्ती केंद्राच्या हाती आहे हे मला ठाऊक आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४१ खाली सूट देण्याचे अधिकारही केंद्राचे आहेत. पण राज्याने तपासलेल्या, खूण केलेल्या, शंभर वर्षांवरच्या रिकाम्या फ्यूजसाठी अशी सूट मागणारं पत्र दिल्लीला पाठवावं, एवढं तर राज्याच्या हाती आहे. नागपूरला पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आहे. स्फोटकांचं ज्ञान असलेली माणसं आपल्याच राज्यात बसतात. त्यांना या कामात घ्यावं.

संचालक महोदय, ठेवायचं कुठे हा प्रश्न आपण विचाराल. आपलं कार्यालयच सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरलेल्या भागात आहे. १७६९ च्या त्या किल्ल्याच्या भिंतीत एक कपाट निघणार नाही का? २०१६ मध्ये मलबार हिलला राजभवनाखाली तेरा खोल्यांचं भुयार सापडलं. त्याच्या दारांवर 'शेल स्टोअर', 'काडतूस स्टोअर' अशी नावं होती. २०१८ मध्ये तिथेच प्रत्येकी २२ टनांच्या दोन तोफा मिळाल्या. घारापुरीच्या टेकडीवरच्या तोफा बघायला माणसं चढतात. आपल्याकडे तोफा आहेत, त्यांच्या गोळ्यांच्या कोठारांच्या खोल्या आहेत. पण त्या तोफेतून सुटलेला गोळा नेमका कसा फुटायचा हे सांगणारी तळहाताएवढी वस्तू कुठे दिसत नाही. २२ टनांची तोफ चोरीला जात नाही म्हणून ती राहिली. पितळ उचलून नेता येतं म्हणून ते गेलं. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात १९४४ च्या शहिदांचं स्मारक आहे. तिथे एखादा निर्धोक केलेला फ्यूज ठेवून त्याच्याखाली त्या दिवशीची हकीकत लिहिली तर मुलं थांबून वाचतील.

माझ्याच छंदातल्या मंडळींना याच पत्रात दोन शब्द. आपल्यातल्या काहींना 'भरलेला' नमुना मिळाला की अभिमान वाटतो. तो अभिमान शेजाऱ्यांच्या जिवावर आहे. ऑनलाइन खरेदी करू नका, कुरिअरने मागवू नका, लोकलच्या डब्यातून पिशवीत घालून आणू नका. घरच्या व्हाइसमध्ये फ्यूज पकडून कडं सोडवायला बसणारा माणूस संग्राहक नव्हे. मी स्वतः आज घरात एकही फ्यूज ठेवत नाही. माझ्याकडे आहेत ते कागद: कापून उघडे झालेल्या फ्यूजवरच्या ठशांच्या पेन्सिलने घेतलेल्या प्रती, मोजमापाची रेखाटनं, डब्यांवरची लेबलं. वस्तू बाळगता येत नाही म्हणून मी तिची सावली बाळगतो, पण त्यावर समाधान मानायची माझी तयारी नाही.

हे सगळे कागद मी संचालनालयाला विनामूल्य द्यायला तयार आहे. पथकातल्या जवानांना आणि भंगार बाजारातल्या दुकानदारांना ठसे कसे ओळखायचे, कोणत्या आकाराला हात लावायचा नाही, याचा एक सचित्र तक्ता मराठी, हिंदी आणि उर्दूत करायचा असेल तर रेखाटनं मी करून देईन. तांत्रिक तपासणी पथकानेच करावी. तक्ता दारूखाना, कुर्ला आणि चोरबाजारात प्रत्येक वजनकाट्याशेजारी लागला पाहिजे.

आपल्या दोन्ही कार्यालयांनी या पत्राला लेखी उत्तर द्यावं अशी विनंती आहे. कोणत्या अधिकाऱ्याकडे कळवायचं, कोणत्या खोलीत, कोणत्या वेळेत, एवढं त्यात असलं तरी सुरुवातीला पुरे. दारूखान्यातले दुकानदार मला कायम एकच सांगतात: "काका, साहेबाच्या सहीचा कागद दाखवा, मग तुमचं पितळ बाजूला काढून ठेवतो." तो कागद घेऊन मला त्यांच्याकडे जायचं आहे.

आपला नम्र,
माझगावचा एक निवृत्त टूलरूम कामगार